पाडव्याचा जून

नव्या चपला बघून तोंड उतरणारं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं. आमच्या मोठ्या बाई. सकाळी शाळेच्या व्हरांड्यात पोरांच्या चपलांची रांग लागायची. रांगेत पहिली जागा बाईंच्या स्वतःच्या काळ्या चपलांची, मग बाकीच्या. हजेरी घेण्याआधी बाई त्या रांगेवरून एक नजर फिरवायच्या. बहुतेक चपला नेहमीच्याच असायच्या: टाचेला झिजलेल्या, अंगठा पिनेनं अडकवलेल्या, थोरल्याच्या पायातून धाकट्याच्या पायात आलेल्या. पण दसरा जवळ आला की एखाद्या दिवशी त्यात एक कोरी करकरीत जोडी दिसायची. बाई तिथंच थबकायच्या. "कुणाच्या गं ह्या?" असं विचारायच्या आणि नाव ऐकून वर्गात जायच्या.

मी नवी होते, मला यातलं काही कळलं नव्हतं. पहिलीतली मंगल लाल पट्ट्याच्या चपला घालून ठुमकत आली, तर मी तिला जवळ घेऊन म्हटलं, "अगंबाई, किती छान चपला!" मंगल लाजली, खूश झाली. मधल्या सुट्टीत बाईंनी मला बाजूला घेतलं. "त्या चपला तिच्या बापानं उचलीतनं घेतल्यात. मुकादमानं आगाऊ पैसे दिले की ते आदी पोरांच्या पायात दिसतेत. आता ती जाणार आईबापामागं ऊसतोडीला. तिथं धाकट्या भावाला सांभाळणार आन् पाचटात हिंडणार. आता सांग, छान हायत का?" दिवाळी सरताच मंगलची जागा रिकामी झाली. त्यानंतर मी कुणाच्याच चपलांना छान म्हटलं नाही.

शिरूर कासारच्या पुढं डोंगराच्या पायथ्याला आमची ती वाडी. जिल्हा परिषदेची शाळा. खोल्या दोन, शिक्षक दोन, वर्ग चौथीपर्यंत. मी बीडची, किराणा दुकानदाराची मुलगी. नेमणुकीचा आदेश आला तेव्हा आईनं असा डोळ्यांना पदर लावला, जणू मला काळ्या पाण्यावरच धाडतायत. बाईंनी पहिल्या दिवशी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "बीडची हायस व्हय? बरं. रडायचं असंल तर आजच रडून घे. उद्यापास्नं येळ मिळणार न्हाई." मी खरंच रडायच्या बेतात होते, पण अशा बाईसमोर रडायचीही चोरी.

बाईंचं माहेर तलवाड्याचं, शेतकऱ्याचं. सासर शिरूरला, नवरा एसटीत कंडक्टर. बाई उंच, हाडापेरानं मजबूत. आवाज असा, की त्या आपल्या वर्गात पाढे म्हणून घ्यायला लागल्या की भिंतीपलीकडची माझी पोरंही माझा धडा सोडून तेच पाढे म्हणायची. पदराला सेफ्टी पिनांचा झुबका कायम लटकलेला. कुणाच्या चपलेचा अंगठा निसटला की मोठ्या बाई, शाळेच्या मुख्याध्यापिका, खाली फरशीवर बसायच्या, पीन ओवायच्या आणि पाठीत एक धपाटा घालून म्हणायच्या, "चल पळ, झाली तुझी गाडी दुरुस्त." पोरं मला धाकल्या बाई म्हणायची. त्यांच्यासमोर मी सगळ्याच बाबतीत धाकटी होते.

बाईंचं एक ठरलेलं म्हणणं होतं. "पोरगं शाळेत एकटं येत न्हाई. घर पाठीवर घेऊन येतं." मी डीएडला नुकतीच चांगल्या मार्कांनी पास झालेली, मी वाद घातला, की चांगला शिक्षक असेल तर कुठलंही मूल शिकतं. बाईंनी तांदूळ निवडता निवडता विचारलं, "तुला पाढे कुणी शिकवले?" मी म्हटलं, शाळेनं. "खोटं नको बोलू. बाप दुकानदार ना तुझा?" आणि मला आठवलं, शाळेत पाढे व्हायच्या आधीच वडिलांनी पुड्या बांधता बांधता ते माझ्याकडून म्हणून घेतले होते. चुकलं की पुडी बांधायची थांबायची आणि गिऱ्हाईक खोळंबायचं. बाई हसल्या. "शिकवलं बापानं आन् नाव झालं शाळंचं. माझ्या पोरांचे बाप सांजच्याला अंग मोडून पडलेले असतेत. त्यांनी कवा म्हणून घ्यावेत पाढे?"

नुसतं दुसऱ्याला सुनावण्यापुरतं हे नव्हतं. बाईंचा मुलगा ह्याच शाळेत चौथीपर्यंत शिकला आणि पुढं पुण्याला इंजिनिअर झाला. कुणी सरकारी शाळेला नावं ठेवली की गावातले लोक अभिमानानं त्याचं नाव घ्यायचे: बघा, आपल्याच शाळेतला. दुसरी कुठलीही बाई ह्या कौतुकानं सुखावली असती. ह्या मात्र फटकन म्हणायच्या, "तो शाळंमुळं न्हाई शिकला. घरी गेल्यावर त्याची आई शिकलेली होती म्हणून शिकला. त्याच्याच शेजारी बसणारा गडी आज कोयता धरतोय. शाळा तीच, मास्तरीण तीच. मग?" या "मग"वर लोक विषय बदलायचे.

दिवाळी झाली की ट्रॅक्टर लागायचे. संसार, शेरडं, म्हातारी कुत्री आणि आमची पोरं वर चढायची. कुणाची आजी मागं राहिली तर नातू तिच्याजवळ राहायचा. मागं राहणाऱ्या पोरांसाठीचं हंगामी वसतिगृह एखाद्या साली मंजूर व्हायचं, एखाद्या साली नाही; आणि झालं तरी थोरल्या पोरी उसाच्या फडात लागायच्याच, धाकट्यांना कोण बघणार? बाई ट्रॅक्टरपाशी जाऊन मुकादमाशी भांडायच्या. "कावून नेतोस रे एवढ्या लेकरांला? कोयता त्यांच्या बापाचा हाय ना?" एकदा तर एका मुकादमाच्या अंगावर धावून गेल्या, तो बिचारा ट्रॅक्टरच्या पलीकडच्या बाजूनं उतरून पळाला. पण ट्रॅक्टर काही थांबायचा नाही. तो निघाला की बाई मागून ओरडायच्या, "पाडव्याला वाट बघते रे!" आणि धुरळ्यातून पोरं हात हलवायची.

मग थंडीत तपासणी यायची. साहेब रिकामे वर्ग बघायचे, उरलेल्या पोरांना वाचायला लावायचे, आणि शाळेला श्रेणी द्यायचे. आमची ठरलेली: ड. पलीकडं डांबरी रस्त्यावरच्या मोठ्या गावातली शाळा अ. तिथं दुकानदारांची, नोकरदारांची, बागायतदारांची पोरं. दसरा असो की दिवाळी, पोरं जागच्या जागी. ती शाळा वाईट नव्हती, मी पुढं तिथंच गेले. पण आमच्या पोरांना तिथं नेऊन बसवलं असतं आणि तिथली आमच्याकडं, तर त्या अ आणि डचं काय झालं असतं, हा प्रश्न बाईंनी एकदा भर बैठकीत विचारला. साहेब म्हणाले, "बाई, कारणं नकोत." बाई खाली बसल्या आणि माझ्या कानात पुटपुटल्या, "कारणं न्हाईत ही, पोरं हायत."

आता पाडव्याचं सांगते. गुढीपाडव्याच्या सुमाराला कारखान्यांचे पट्टे पडायचे, म्हणजे हंगाम संपायचा, आणि टोळ्या गावाकडं यायच्या. त्या वेळी बाकी सगळ्या शाळांना परीक्षेचे वेध लागलेले. आमच्याकडं पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी शाळा नव्यानं उघडायची. बाई स्वतः घंटा द्यायच्या, नेहमीपेक्षा लांबवून. उन्हानं रापलेली, उसाच्या पानांनी हातापायांवर चिरे पडलेली पोरं चाचरत यायची. बाई एकेकाच्या गळ्यात साखरेची गाठी घालायच्या आणि म्हणायच्या, "आज तुमचा जून." मग पहिला प्रश्न: "कुठवर आलतो आपण?" पोरांना बरोबर ठाऊक असायचं. ट्रॅक्टरमध्ये चढताना ती तेवढं पक्कं डोक्यात धरून गेलेली असायची. मंगल त्या पहिल्या साली ओरडून म्हणाली होती, "पन्नासपर्यंत मोजलं होतं बाई!" आणि बाई म्हणाल्या, "मग एक्कावन्न म्हण." तिथून पुढं सगळा उन्हाळा सकाळच्या गारव्यात लिंबाखाली वर्ग भरायचा. मे महिन्याची सुट्टी बाईंना कधी मानवलीच नाही.

पोरं बाईंसाठी फडातून उसाचं कांडं आणायची. वाटेत ते सुकून काठी झालेलं असायचं. दाढ दुखत असली तरी बाई ते सगळ्यांसमोर सोलून खायच्या. एकदा मी विचारलं, बाई, हे इतकं सगळं कशाला, श्रेणी तर ह्याची कुणी देत नाही. बाई पहिल्यांदाच हळू आवाजात बोलल्या. "शेऱ्याचं मला काय न्हाई गं. भ्या एकच वाटतं. ड ड म्हणत एक दिवस शाळा मिटवतील. मग पाडव्याला ही लेकरं कुठं जातील?" त्या दिवसापासून मलाही ते भय लागलं.

आणि मग एका साली आम्हांला अ मिळाला.

त्या साली पाऊस झालाच नव्हता, आणि आमच्याकडचंच सोडा, जिथं आमचे लोक तोडीला जायचे तिथलाही ऊस करपला. मुकादम वाडीत फिरकले नाहीत. उचल नाही, ट्रॅक्टर नाही, व्हरांड्यात नवी चप्पल नाही. सगळी वाडी घरी बसली, आणि सगळी पोरं शाळेत आली. दुपारच्या खिचडीला तर कुणी कुणी धाकटं भावंड काखेत मारून यायचं. मंगल अर्धी खिचडी खाऊन अर्धी डब्यात घालायची, घरी न्यायला. बाई बघून न बघितल्यासारखं करायच्या आणि तिला वाढताना डाव जास्त भरायच्या. सगळा हिवाळा एकही दिवस न चुकता शिकलेली आमची पोरं साहेबांसमोर घडाघडा वाचत सुटली. वर्ग खच्चून भरलेले. साहेब चकित झाले. वाडीत हलगी वाजली. सरपंचांनी शाळेच्या दर्शनी भिंतीवर ऑइलपेंटनं हातभर उंचीचा अ काढून घेतला. बाईंना शाल-श्रीफळ दिलं.

बोलायला उभ्या राहिल्या तेव्हा बाईंचा आवाज नेहमीसारखा चढला नाही. "साहेब, हा शेरा आमच्या दोघींचा न्हाई. आमी मागल्या साली शिकवलं तेच यंदा शिकवलं. यंदा ऊस न्हाई म्हणून पोरं हायत. तुमी दुष्काळाला अ दिलाय. ह्यांच्या चुली बघा जरा, मग हलगी वाजवा." लोकांना वाटलं, बाईंचा विनय. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी नारळ तिथंच फोडला, खोबरं किसून दुसऱ्या दिवशीच्या खिचडीत घातलं आणि शाल मंगलच्या आजीला देऊन टाकली. घरी जाताना रस्त्यानं बाई रडत होत्या. मला वाटलं आनंदानं. मी तसं म्हटलंसुद्धा, आणि बाईंनी माझ्याकडं नुसतं वळून पाहिलं.

पुढच्या साली पाऊस झाला. डोंगर हिरवा झाला, ऊस उभा राहिला, व्हरांड्यात नव्या चपला आल्या. बाई रांगेपुढं उभ्या राहिल्या, हातातली हजेरी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "चला, चुली पेटल्या म्हणायच्या." रडावं का हसावं त्यांना कळेना, मलाही नाही. थंडीत तपासणी झाली आणि आम्ही पुन्हा ड.

अ मिळाला नसता तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं. ड ची वाडीला सवय होती. आता मात्र लोक म्हणायला लागले, अ वरून ड वर आली म्हणजे बाईंनी अंग काढून घेतलं. निवृत्ती जवळ आली ना, कोण कशाला राबतंय? वरूनही तसंच विचारणारं पत्र आलं. ज्यांनी हलगी वाजवली तेच शिरूरच्या इंग्रजी शाळेत नावं घालून आले. पहिली नातवंडं सरपंचांची गेली. मग ज्याच्याकडं थोडीफार विहीर-बागायत, त्याची गेली. शाळेसमोरून पिवळी गाडी पोरांना घेऊन जायची. म्हणजे दिवाळीनंतरही वाडीत राहणारी जी पोरं होती, तीच गेली. बाई एवढंच म्हणाल्या, "शाळा वाईट म्हणून पोरं जातेत, आन् पोरं गेली म्हणून शाळा वाईट ठरती. आता कुणाला काय सांगावं?" त्याच उन्हाळ्यात त्या निवृत्त झाल्या. निरोप समारंभाला वाडीतले मोजके लोक होते.

त्यांच्या जागी कुणी आलं नाही. दोन्ही खोल्या मी एकटीच सांभाळत होते. दिवाळीनंतर ट्रॅक्टर गेले, व्हरांड्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या चपला उरल्या, आणि ऐन थंडीत आदेश आला: पट कमी, गुणवत्ता कमी, शाळा डांबरी रस्त्यावरच्या शाळेत विलीन. मी खुर्च्या-फळे टेंपोत भरले आणि कुलूप घातलं. सरपंचांनी भिंतीवरच्या अ ला आधीच चुना फासला होता, पण ऑइलपेंट तो. चुन्यातूनही अंधूक दिसायचा. जी पोरं फडात होती त्यांना आपली शाळा गेली हे कुणी कळवलं नाही. कळवणार तरी कसं?

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्या मोठ्या शाळेत पाचवीच्या वर्गावर होते. उन्हाचं फाटकातून कोण येतंय म्हणून पाहिलं, तर मोठ्या बाई. मागं आमची सगळी पोरं, दोन-दोनांच्या जोडीनं, गळ्यात गाठी. बाई पहाटेच वाडीत जाऊन कुलूप लागलेल्या शाळेच्या पायरीवर बसल्या होत्या. पोरं येणार हे त्यांना ठाऊक होतं. पोरं आलीही, चपला काढून रांगेत ठेवल्या आणि दार उघडायची वाट बघत उभी राहिली. तेव्हा बाईंनी त्यांना परत चपला घालायला लावल्या आणि ओढा ओलांडून चालवत इथवर आणलं.

आमचे मुख्याध्यापक माणूस वाईट नव्हते. त्यांनी बाईंना खुर्ची दिली, पाणी दिलं. मग म्हणाले, "बाई, परीक्षा तोंडावर आली आहे. आमची शाळा अ आहे. गैरहजर म्हणून नावं कमी झालेली ही पोरं आत्ता परत पटावर घेतली तर चाचणीत सगळी सरासरी खाली येईल. मलाही वर उत्तर द्यावं लागतं. जूनमध्ये आणा, मी स्वतः नावं घालून घेतो."

बाई म्हणाल्या, "सर, ह्यांचा जून आज हाय."

"बाई, समजून घ्या."

मला वाटलं, आता बाईंचा आवाज चढणार, सगळी शाळा गोळा होणार. मुकादमाला पळवून लावणाऱ्या बाई ह्या. त्या उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात जोडले. आणि तशाच उभ्या राहिल्या. पोरं दारातून बघत होती. मला ते बघवेना. सरांनाही बघवलं नसावं, खाली मान घालून ते मला म्हणाले, "घ्या वर्गात." मागं सतरंजी टाकून मी पोरांना बसवलं. निघताना बाईंनी व्हरांड्यातली मंगलची तुटकी चप्पल उचलली, पदराची पीन काढून अंगठा अडकवला आणि मला म्हणाल्या, "पुढच्या साली गाठी तू आण. ह्या उन्हात माझ्यानं आता चालवत न्हाई."

बाई गेल्या त्या पुढच्याच थंडीत. काविळीचं निमित्त झालं. शिरूरला मातीला बरीच माणसं होती. मुलगा पुण्याहून आला होता, एसटीतले लोक होते, आमचे सरही आले होते. बाईंची पोरं तेवढी नव्हती. ती फडात होती. जशी तपासणीला नसायची, तशीच बाईंच्या मातीलाही नव्हती. चितेजवळ उभी राहून मी नुसती इकडंतिकडं बघत होते, आणि कुणीतरी म्हणालं, "एवढी वर्षं शिकवलं, पण विद्यार्थी काही आले नाहीत बघा." मी त्या माणसाशी तिथंच भांडले. स्मशानात भांडू नये म्हणतात. बाई असत्या तर त्याही भांडल्या असत्या.

यंदा पाडव्याला मी गाठी आणल्या. दुसऱ्या दिवशी लवकर जाऊन फाटकात उभी राहिले. ओढ्याकडून पोरं आली, सगळ्यांत पुढं मंगल, आता पाचवीतली, हातात उसाची दोन सुकलेली कांडी. ती माझ्या मागं रस्त्याकडं बघत होती. "म्होट्या बाई कुठंयत? शिरूरहून यायच्यात का आजून?"

मी सांगितलं. कसं सांगितलं ते आता आठवत नाही. मंगल रडली नाही. "आमाला कुणी सांगितलंच न्हाई," एवढंच म्हणाली. पोरांनी व्हरांड्यात चपला काढल्या. रांग लावताना पहिली जागा त्यांनी मोकळी सोडली. त्यांना कुणी तसं सांगितलं नव्हतं. मी एकेकाच्या गळ्यात गाठी घातली आणि "आज तुमचा जून" म्हणाले.

मग वर्गात जाऊन विचारलं, "कुठवर आलतो आपण?"

बाईंनी विचारलं की पोरांचा एकच कल्ला व्हायचा. आज तो झाला नाही. एकटी मंगल उठली, हातातली दोन्ही कांडी तिनं माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "भागाकाराला, बाई."

आजवर ती मला धाकल्या बाई म्हणायची. मला त्या दिवशी मोठं व्हायचं नव्हतं.